रंगवलेली कोंबडी

बाबांनी टेम्पोतून माझी कोंबडी उतरवली ती चोचीपासून नखांपर्यंत चकचकीत काळी. ऑइल पेंट. मी कपाळावर हात मारून घेतला.

मैदानावर अग्निशिल्पांचा महोत्सव भरला होता. कुणाचा मासा, कुणाचं झाड, सगळी लोखंडाची. अंधार पडला की पोटात लाकडं पेटवायची आणि फटीफटीतून जाळ दिसायचा. माझी ही पहिलीच खेप. कोंबडीचं एकेक पीस मी पत्र्यातून कापून जोडलं होतं. बाबा तिला पाय फुटलेली शेगडी म्हणायचे.

तसं ते माझ्या कशालाच बरं म्हणत नाहीत. आमच्या वेल्डिंगच्या दुकानात मी केलेल्या प्रत्येक फाटकाचा एखादा तरी जोड ते ग्राइंडरने उडवणार, स्वतः पुन्हा भरणार, आणि मगच रंगाचा ब्रश हातात घेणार. या माणसाने एकदा तरी माझं काम जसंच्या तसं पास करावं, एवढीच माझी हौस. ती फिटायची राहिली बाजूला, वर हा उपद्व्याप.

"अहो बाबा, ही पेटवायची आहे. पेटवायच्या वस्तूला कोणी रंग लावतं का?"

"बिनरंगाचं काम आपल्या दुकानातून बाहेर जात नाही," ते शांतपणे म्हणाले. वर, गंजली असती तर नाव दुकानाचंच गेलं असतं, हेही ऐकवलं.

खरवडत बसायला वेळ नव्हता. माझा नंबर पुकारला आणि मी काडी लावली. व्हायचं तेच झालं. रंगाला फोड आले, काळा धूर उठला, पुढची माणसं नाकाला रुमाल लावून मागे सरली. परीक्षक बाई खोकत शेजारच्या माशाकडे निघून गेल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बाबा डोळे पुसत होते, पण जागचे हलले नाहीत.

"आता एखादा जोड कच्चा राहिला असेल तर तोही सांगून टाका," मी फणकारले. "तेवढंच राहिलंय."

"काल सगळे बघितले," ते म्हणाले. "हात लावावा असा एकही सापडला नाही. म्हणून तर रंग लावला."

मला एकदम रडू आलं, आणि राग तर तसाच होता. धूर थांबायची वाट बघत आम्ही दोघं खोकत उभे राहिलो. तो लवकर थांबणार नव्हता. त्यांनी रंगाचे दोन हात दिले होते.