हिरव्या रंगातला नकार

दातांच्या दवाखान्यांसाठी वेळ नोंदवायचं ॲप बनवणाऱ्या त्या कंपनीत तिला सगळे कोडताई म्हणत. ॲपमधल्या प्रत्येक रंगाचा सहा आकड्या-अक्षरांचा कोड तिला तोंडपाठ. लालचा कोड तिने चारशेबारा ठिकाणी स्वतःच्या हाताने टाइप केला होता, आणि त्याचा तिला कोण अभिमान!

शेजारच्या खुर्चीवरच्या नव्या डिझायनरचं मात्र रोज एकच पालुपद. "ताई, रंगाला कोडाने नको, कामाने हाक मारू या. ‘मुख्य’, ‘यश’, ‘धोका’ अशी नावं द्यायची. त्याला टोकन म्हणतात. कोड एकाच जागी लिहायचा, बाकी सगळीकडे नुसतं नाव."

"अगं, हातच्या काकणाला आरसा कशाला? लाल तो लालच."

एका सोमवारी मालक मेहुण्याला घेऊन आले. मेहुणा रंगांतला जाणकार, कारण त्याने नुकतंच घर रंगवून घेतलं होतं. "लाल बघून पेशंटला रक्त आठवतं," तो म्हणाला. "हिरवं करा."

ताईने जुना कोड शोधून नवा घालायचा हुकूम संगणकाला सोडला. चहा निवायच्या आत चारशेबाराही ठिकाणं हिरवीगार! डिझायनरकडे बघून तिने भुवया उडवल्या.

गोम एवढीच, की कंपनीचा लाल आणि ‘काम झालं नाही’ या सूचनेचा लाल एकच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईला तिच्या आईचा फोन आला. "मी दवाखान्यात आलेय. दाढ ठणकतेय नि बसायला जागा नाही. पस्तीस माणसं गाल धरून उभी आहेत, आणि काउंटरवरची बाई म्हणते, कुणाचीच नोंद नाही."

"तुला मेसेज काय आला होता?"

"हिरवा."

"अगं, त्यात लिहिलं काय होतं?"

"वाचतंय कोण? हिरवं म्हणजे झालं, हे तूच शिकवलंस ना मला!"

ताईने स्क्रीन उघडली. कोवळ्या पोपटी पट्टीत सुबक अक्षरं होती: ‘क्षमस्व, वेळा भरल्या आहेत; तुमची वेळ नोंदली गेली नाही.’ आईला दुसऱ्या डॉक्टरकडे पोचवून ती परतली आणि डिझायनरसमोर खुर्ची ओढून बसली. "सांग बाई, कुठून सुरुवात करायची?"

नावं ठरवायला मालकांनी बैठक घेतली. ‘धोका’ त्यांना अजिबात पटेना. "आपल्या कंपनीत धोका नसतो." दोन तास घासाघीस होऊन त्या टोकनचं नाव ‘सौम्य अडचण’ ठरलं. दोघींनी हसू दाबून ते लिहून घेतलं, त्याला लाल परत दिला आणि पुढचे दोन आठवडे एकेक कोड उपटून त्या जागी नाव लावलं.

लगेच मेहुण्याला जांभळा आवडू लागला. ताईने एक ओळ बदलली. सगळी बटणं जांभळी झाली. सौम्य अडचण मात्र लालभडक राहिली.

"झालं?" मालकांनी विचारलं.

"झालं."

"एका मिनिटात? मग दोन आठवडे काय करत होतात?"

कामाला वेग आणल्याबद्दल मालकांनी सर्वांसमक्ष मेहुण्याची पाठ थोपटली. डिझायनरचे कान तापले. ताईने तिला कोपराने ढोसलं आणि हळूच विचारलं, "काय गं, अक्षरांच्या आकारांनाही अशी नावं देता येतात?"