खोबरेल लावलेल्या कीबोर्डची कहाणी

"आधी थेंबथेंब तेल घाल, मग फूल वाहा. कोरडं यंत्र देवापुढं ठेवू नये."

मित्रांनो, विमलाबाईंचा तो मऊ आवाज मला अजून ऐकू येतो. आज मी कपाटावर धूळ खात पडलेला कीबोर्ड आहे. पण नव्वदच्या दशकात, नाशिकच्या गंगापूर रोडवर, योगेशदादांच्या घराच्या पुढच्या खोलीत लग्नपत्रिकांचं दुकान होतं. तिथं मला मान होता. माझ्या प्रत्येक बटणाखाली एक दांडी आणि एक नाजूक स्प्रिंग. दुकानात कामाला येणाऱ्या ज्योत्स्नाताई टाइप करू लागल्या की घरभर खटखट व्हायची.

"ज्योत्स्ना, पत्रिका करतेस की लाह्या फोडतेस?" योगेशदादा चिडवायचे.

"लाह्याच, दादा. पोरीकडच्यांना गोड, पोराकडच्यांना तिखट!"

एका दसऱ्याला योगेशदादांच्या आई, विमलाबाई, पूजेचं ताट घेऊन आल्या आणि त्यांनी तेलाचं सांगितलं.

"काकू, शिलाई मशीनचं तेल आणू का? ते पातळ असतं. खोबरेल नको वाटतं मला."

"अगं, त्याला रॉकेलसारखा वास. पूजेला खोबरेलच शुद्ध."

मोठ्यांचा शब्द. ज्योत्स्नाताईंनी बटणं काढून दांड्यांवर खोबरेल सोडलं. माझी खटखट मऊ झाली आणि मी सुखावलो. त्या सुखाची मला आजही लाज वाटते.

मार्गशीर्षात थंडी पडली. बाटलीतलं खोबरेल थिजलं, तसं माझ्या पोटातलंही. त्यात कागदाची धूळ बसली. बटण दाबलं की वर येईना. ऐन लग्नसराईत कळवणचं गिऱ्हाईक पत्रिका न घेताच रागावून परत गेलं.

"यात तेल कोणी ओतलं?" योगेशदादा ओरडले.

विमलाबाई दारातच होत्या, हातात जपमाळ. ज्योत्स्नाताईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं.

"मी, दादा."

"कोणाला विचारून?"

विमलाबाईंनी जपमाळेचा पुढचा मणी ओढला.

"उद्यापासून येऊ नकोस."

ताईंच्या घरात कमावणाऱ्या त्या एकट्याच होत्या. त्यांनी ओढणीनं माझ्यावरची धूळ पुसली आणि गेल्या. मला तोंड नव्हतं, मित्रांनो. पण ज्यांना होतं त्यांचंही उघडलं नाही.

पुढं हिरामण मेकॅनिकनं मला स्पिरिटनं धुतलं, ब्रशच्या टोकानं दांड्यांना नावापुरतं पातळ ग्रीस लावलं. मी पुन्हा चालू लागलो, पण नव्या बोटांखाली मन लागेना. मित्रांनो, यंत्रावर माया जरूर करा. पण त्याला काय चालतं ते आधी विचारा. आणि कोणी "नको" म्हणालं, तर क्षणभर थांबा.

त्याच मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी संध्याकाळी आत महालक्ष्मीची पोथी चालू होती. वाचताना विमलाबाईंचा आवाज मध्येच थांबला. त्या बाहेर आल्या.

"योगेश, तेल मी घालायला लावलं. ती नको म्हणत होती."

"आई! मग त्या दिवशी का नाही बोललीस?"

"तुझ्यापुढं चुकलेली दिसायची लाज वाटली रे. नित्यनेम करते ना मी..."

योगेशदादांची मान खाली गेली. "तिच्या शेजाऱ्यांकडे फोन आहे. बोलावून घेतो."

"फोन नको. मीच जाऊन तिची क्षमा मागेन, असं देवीला कबूल केलंय."

"दिवसभर उपाशी आहेस. नैवेद्य दाखव, दोन घास खा, मग जा."

"आल्यावर."

त्यांनी नैवेद्याच्या ताटावर झाकण ठेवलं, डोक्यावरून पदर घेतला, चपला घातल्या आणि ताईंच्या घरी, इंदिरानगरला जाणारी रिक्षा बघायला थंडीत रस्त्यावर उतरल्या.