र तेवढा जागेवर

पंकजानं पहिला शब्द टाइप केला. टाइप केलं होतं ‘काम’, पडद्यावर भलतंच काहीतरी उमटलं. क दाबला तर अक्षराचा पाय मोडल्याची खूण येत होती, काना दाबला तर क. एकटा र तेवढा जागेवर होता.

काय झालंय ते तिला लगेच कळलं. मराठी टाइप करायच्या दोन तऱ्हा. एक जुन्या टाइपरायटरची, रेमिंग्टन, दुसरी इनस्क्रिप्ट. अक्षरं दोन्हींत निराळ्या कळांवर. खर्ड्याहून जामखेडच्या क्लासला जाऊन ती शिकली ती रेमिंग्टन. नवरा गोरक्षनाथ सरकारी कारकून होता. तो गेला आणि अनुकंपावर त्याच्या जागी तिला घेतलं, टायपिंगची परीक्षा मुदतीत पास व्हायच्या अटीवर. आधी दोनदा नापास झाली होती. नगरातली ही परीक्षा मुदतीतली शेवटची. घरी सासू भीमाबाई आणि शाळेत जाणारी दिशा, दोघींचं पोट तिच्या बोटांवर होतं.

अजून सरावाची वेळ चालू होती. क्लासमध्ये करायची तसं तिनं ऑल्ट आणि शिफ्ट एकदम दाबलं. खाली कोपऱ्यात इंग्रजी आली. परत दाबलं, हिंदी. परत दाबलं, मराठी, पण तीच इनस्क्रिप्ट. ती दाबत राहिली आणि त्याच तीन भाषा फिरून फिरून येत राहिल्या. रेमिंग्टन ह्या मशिनात घातलेलीच नव्हती.

“सर,” तिनं हात वर केला. पर्यवेक्षक कल्याण सर आले. “सर, ह्यो माझा कीबोर्ड न्हाई. मला दुसरं मशीन द्या.”

“मशीन चालू आहे ना, ताई? बंद पडलं तरच दुसरं देता येतं. नियम आहे तसा.”

“अवो, पर मला ह्याच्यावर येतच न्हाई!”

“टेक्निशियनला फोन केलाय. वरच्या मजल्यावर आहे, येतोय.”

टेक्निशियन यायच्या आत घंटा झाली. सगळ्या खोलीत एकदम खडखडाट सुरू झाला. शेजारी धनश्री नावाची काष्टी गावची पोरगी होती, रांगेत उभं असताना ओळख झालेली. तिची बोटं नुसती पळत होती. पंकजाच्या पडद्यावर अर्धा शब्दही नव्हता. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला. बंद पडलं तरच. बंद पडलं तरच.

टेबलाखाली तिच्या चपलेला काहीतरी लागलं. एक्स्टेंशन बोर्ड. लाल बटण पेटलेलं. तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि पायाच्या अंगठ्यानं ते दाबलं.

पडदा काळा झाला. त्याच क्षणी शेजारून किंकाळी आली.

“सर! माझं गेलं! सगळं गेलं!”

एकाच बोर्डावर दोन्ही मशिनं होती. हे पंकजाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

कल्याण सर धावत आले. “एकच जास्तीचं मशीन आहे,” ते म्हणाले. “बैठक क्रमांक ताईंचा आधीचा. ताई, उठा, तिकडं बसा.”

पंकजा उठली. त्या मशिनावर रेमिंग्टन असेल, नक्की असेल. दोन पावलं टाकली आणि मागून हुंदका ऐकू आला. धनश्री दोन्ही हातांनी तोंड झाकून बसली होती.

“सर, तिला द्या,” पंकजा म्हणाली. “बटन माझ्याच पायानं बंद झालं.”

सरांनी वाकून बटण चालू केलं आणि मशीन परत सुरू व्हायला वेळ जाईल म्हणून धनश्रीला जास्तीच्या मशिनावर नेलं. ती वळूनसुद्धा न बघता गेली.

पंकजाचं मशीन परत सुरू झालं. तीच इनस्क्रिप्ट. कळांवर फिकट अक्षरं छापलेली होती. ती एकेक हुडकून दाबू लागली, जसं पहिलीतलं लेकरू पाटीवर गिरवतं. उठायचं नाही, एवढंच तिनं ठरवलं होतं. टेक्निशियन आला तेव्हा वेळ संपत आली होती. तिच्या चार ओळीसुद्धा भरल्या नव्हत्या.

बाहेर फाटकाशी धनश्रीनं तिला गाठलं.

“मुद्दाम केलं ना तुम्ही?”

“व्हय.”

धनश्री रिक्षाला हात करून निघून गेली.

खर्ड्याला पोचेस्तोवर दिवेलागण झाली होती. भीमाबाई दारातच उभ्या होत्या.

“झाला का गं पेपर?”

“न्हाई झाला, आत्या.”

भीमाबाईंनी तिच्या हातातली पिशवी घेतली आणि त्या आत गेल्या.

निकाल लागला तेव्हा पंकजा नापास होती, धनश्री पास. पुढच्याच महिन्यात पंकजाच्या हातात नोकरी संपल्याचा कागद पडला.