पडद्यामागची पाचवी

सुट्टीचा दिवस होता, म्हणून बंदरालगतच्या त्या वस्तीत पुरुष घरी होते आणि उत्तरेही पुरुषच देत होते. शहराची मोजणी चालू होती. कोण किती, कोण काय कमावतो, एवढे कळले की शहर कळले, अशी वरिष्ठांची समजूत. शाळेतल्या बाईंकडे ही गल्ली आली होती. दुपारपर्यंत तीस घरे झाली होती. बायकांच्या नावापुढे, कामाच्या रकान्यात, त्यांनी पुरुषांनी सांगितले तेच लिहिले होते : नाही.

एकतिसाव्या घरी गोदामातल्या कारकुनाने खुर्ची पुसून दिली. बाईंची चाहूल लागताच त्याने आईला, जरा आत बस, असे सांगितले होते. तिला त्यात वावगे वाटले नाही. नवरा गेल्यापासून परका माणूस दारात आला की तिने पडद्याआड व्हायचे, हा वस्तीचा नेम होता. तो तिने अकरा वर्षे अंगावरच्या लुगड्यासारखा वागवला होता.

बंदर रुंद होणार होते, वस्ती उठणार होती आणि नवी घरे याच मोजणीवरून मिळणार होती. खोली बापाच्या नावावर होती. तेव्हा नव्या घरावर पहिला हक्क त्याच्या विधवेचा. ती इथे राहतच नाही असे ठरले, की कागद एकट्या मुलाचा. हे त्याने बायकोलाच तेवढे सांगितले होते. ती चुलीपाशी पाठ करून उभी होती.

बाईंनी विचारले, घरात माणसे किती?

"चार. आम्ही दोघं, दोन मुली."

"आई?"

"ती मामाकडे असते. चार वर्षं झाली."

पडद्यामागे सुई थांबली. मागच्या दाराशी खुंटीला एक टोक अडकवलेले मासेमारीचे जाळे तिच्या मांडीवर पसरले होते. ही फाटकी जाळी सांधूनच तिने मुलाला गोदामाच्या खुर्चीपर्यंत पोचवले होते. क्षणभर तिला वाटले, आपण खरेच कुठे तरी निघून गेलो आहोत आणि ते आपल्यालाच कुणी कळवलेले नाही.

बाई पुढचा रकाना भरू लागल्या. थोरली नात मात्र बापाच्या गुडघ्याला टेकून म्हणाली, "बाबा, आजी तर आतच आहे ना."

कारकून हसला. म्हणाला, पोरं काहीही बोलतात.

पडदा सरकला. तिचा आवाज चढला नाही. "तुझ्या शाळेच्या फॉर्मवर माझाच अंगठा होता रे. तेव्हा राहत होते ना मी इथं?"

"आई, तुला यातलं कळत नाही. तुझ्याच भल्याचं..."

"मला आत बसवलंस, तेव्हा मी तुझं ऐकलं. दर वेळी ऐकलं." मग ती बाईंकडे वळली. "पाच लिहा. पहिलं नाव माझं. आणि काम लिहा : जाळी सांधणे."

बाईंनी खोडले, लिहिले. सून तशीच पाठमोरी उभी होती. फक्त तिचे खांदे हलत होते.

उठताना बाई म्हणाल्या, बरं झालं बोललात. म्हातारीने त्यांच्या हातातल्या कागदांकडे पाहिले. "माझ्या पोरानं खोटं सांगितलं, ते मी बघून घेईन. पण शेजारच्या दारातही जाळं टांगलंय, बाई. ते तुम्हाला दिसलं नाही?"

बाई गल्लीत आल्या. दारादारावर जाळी होती. त्यांतल्या कित्येकांना हाताने बाजूला सारूनच त्या सकाळपासून आत शिरल्या होत्या. तीस घरांचा गठ्ठा त्यांनी पिशवीतून परत काढला आणि त्या पहिल्या दाराशी गेल्या. घरधनी बाहेर आला. काही राहिलं का, म्हणून त्याने विचारले.

"हो," बाई म्हणाल्या. "घरातल्या बाईंना बोलवा. उत्तरं त्यांच्याकडून हवी आहेत."