काचेतलं अंगण

गोपालनं घरामागच्या अंगणावर काचेची खोली बांधायला घेतली, तेव्हा वणीतल्या लोकांनी त्याला सरळ वेड्यात काढलं. आणि काढतील नाही तर काय? ज्या गावात सकाळी पुसलेल्या गाडीवर दुपारी बोटानं नाव लिहिता येतं, वाळत घातलेला पांढरा सदरा राखाडी होऊन घरात येतो, तिथे हा माणूस काचेचं छत टाकायला निघाला होता. तो चंद्रपूर रोडवरच्या वजनकाट्यावर कामाला होता. कोळशाचे ट्रक काट्यावर चढले की ड्रायव्हर खिडकीतून मान काढून विचारायचे, "काय गोपालभाऊ, महाल कुठवर आला?" तो नुसता हसायचा. हसावं असं त्याच्यापाशी काही उरलं नव्हतं, पण जो येईल त्याला आपलं दुखणं कुठवर सांगत बसणार?

त्याची पोरगी समीक्षा पुण्याच्या दवाखान्यात होती. वय बारा. जन्मापासून सिकलसेल, रक्ताचा आजार. हाडं ठणकायला लागली की पोर दात-ओठ खात भिंतीला पाठ घासायची आणि गोपाल दाराबाहेर उभा राहून स्वतःचाच हात चावायचा. शेवटी डॉक्टरांनी बोन मॅरो बदलायचं ठरवलं. साधनानं, म्हणजे तिच्या आईनं, आपल्या हाडातला मगज काढून दिला. आईचं रक्त पोरीच्या अंगात रुजलं. डॉक्टर खूश झाले, नर्सांनी टाळ्या वाजवल्या.

पण पोरगी खाईना. कितीतरी दिवस तिला बंद खोलीत ठेवलेलं, हवा गाळून आत सोडलेली, भेटायला गेलं तरी काचेपलीकडून हात हलवायचा. आधी तिला उलट्या व्हायच्या, मग उलट्या थांबल्या तरी तिनं तोंड उघडलं नाही. नाकातून नळी घातली, ती तिनं उपसून काढली. "ही खाणार नसेल तर आमचे हात टेकले," असं मोठ्या डॉक्टरीणबाई बोलल्या. पोरीजवळ राहिलेल्या साधनानं ते गोपालला वणीला फोनवर कळवलं.

त्याच संध्याकाळी समीक्षा फोनवर म्हणाली, "बाबा, मले आपल्या आंगनात बसाचं हाय. लय दिवस झाले, आभाळच नाई पाह्यलं."

"घरी ये, बसवतो."

"आन् धूळ? मले धूळ चालत नाई म्हन्ते डॉक्टर."

"धूळ येनारच नाई, असं आंगन बनवतो तुह्यासाठी. पन तू जेवली पाह्यजे."

तिनं फोन बाजूला केला. मग साधनाला म्हणाली, थोडी खिचडी दे. त्या दिवसापासून हा बापलेकीचा करार होऊन बसला. बाप बांधणार, लेक जेवणार.

मग गोपालच्या अंगात काय संचारलं कोण जाणे. काट्यावर बसल्या बसल्या मोबाइलवर तो काचघरं पाहू लागला. कुठली काच तापत नाही, कुठली फुटली तरी अंगावर पडत नाही, पत्रे कुठे लावायचे, हवा गाळणारा पंखा कुठे बसवायचा, सगळं त्यानं पाठ केलं. एक काच तर त्याच्या मनातच भरली. तिच्यावर म्हणे एक थर असतो. उन्हानं मळ सुटतो, पावसाचं पाणी आलं की आपोआप वाहून जातो. पुसायला नको, घासायला नको. पोरीच्या डोक्यावर उभं राहून कुणी फडकं मारायला नको, हेच त्याला हवं होतं.

यवतमाळहून ॲल्युमिनियमचं काम करणारा धनसिंग मिस्त्री आला. काचेची कथा ऐकून तो पोट धरून हसला. "भाऊ, हे काच स्वताच आंघोळ करते म्हन्ता, मंग माहं पोट्टं कायले रोज मार खाते आंघोळीसाठी?" पण मिस्त्री कामाला चोख होता. पाणी थांबू नये म्हणून त्यानं छताला छान उतार दिला, सांधे रबरानं बंद केले. समीक्षाच्या खोलीतून काचघरात जायला काचेचंच दार केलं. पाऊस मात्र जूनशिवाय येणार नव्हता, आणि कोळशाची धूळ काही जूनची वाट पाहत नाही. म्हणून गोपाल रोज सकाळी शिडीवर चढून पाइपानं छतावर पाऊस पाडायचा. शेजारीपाजारी चहाचे कप घेऊन बघायला उभे राहायचे.

डॉक्टरांनी बजावलेलं त्यानं सगळं पाळलं. माती नको, कुंड्या नको, फुलं नको. मातीत बुरशी असते, ती श्वासातून फुप्फुसात गेली तर या पोरीला झेपणार नाही. गोपालनं मोगरा शेजारी दिला, जास्वंद काढली, सदाफुलीचे वाफे उकरून सगळीकडे फरशी बसवली. झाडाचं एक पान म्हणून ठेवलं नाही.

अंगणाच्या मधोमध तुळशीवृंदावन होतं. त्याची आई विमलताई एवढंच म्हणाली होती, "तुळशीले हात लावू नोको बापा." गोपाल म्हणाला, "तिले कोन हात लावते माय?" तिथेच तो विषय संपला. वृंदावन रंगवून घेतलं, भोवती झोपाळ्यासाठी जागा सोडली. रोज संध्याकाळी तो पुण्याला व्हिडिओ पाठवायचा. त्यात काच दिसायची, उतार दिसायचा, झोपाळा दिसायचा आणि मधोमध तुळस दिसायची. समीक्षा पाहायची, साधना पाहायची, विमलताई तर रोज तिथेच पाणी घालून प्रदक्षिणा घालायची. तुळस म्हणजे झाड आहे, हे एवढ्या माणसांत एकाच्याही डोक्यात आलं नाही. उलट तिच्यामुळे हवा शुद्ध राहील, असं गोपालला मनातून वाटत होतं.

एप्रिलमध्ये घरी सोडायचं ठरलं. निघायच्या आदल्या दिवशी साधनानं कौतुकानं तो व्हिडिओ डॉक्टरीणबाईंना दाखवला. अर्ध्या तासात गोपालचा फोन वाजला.

"अवो," साधना हलक्या आवाजात म्हणाली, "त्या बाई पुसून राह्यल्या, मंधात ते काय हाय म्हनून."

"मंधात? मंधात तं तुळस हाय."

"मातीतच हाय ना ते? ओली माती. बंद खोलीत. बाई म्हन्तात, पोरीले तेथं पायसुदा ठेवू देऊ नोका."

गोपालनं फोन ठेवला. विमलताईनं विचारलं काय झालं, आणि त्यानं सांगितलं. म्हातारी क्षणभर तुळशीकडे पाहत राहिली. मग पदर खोचून उठली, कोठीतून लोखंडी सब्बल घेऊन आली आणि त्याच्या हातात देत म्हणाली, "तोड."

"माय..."

"तोड म्हन्तो ना. माह्या नातीच्या वर नाई ते."

त्यानं सब्बल उचलली, पण आधी पुण्याला फोन लावला. बाई स्वतः बोलल्या. आता अजिबात खोदू नका, त्यांनी सांगितलं. वर्षानुवर्षांची माती हलली तर बुरशी घरभर उडेल, मग पोरीला घरीच आणता येणार नाही. आहे तसं बंद ठेवा, मधलं दार पक्कं बुजवून टाका, पुढे बघू. गोपालनं सब्बल खाली ठेवली. म्हातारीनं जन्माची तुळस द्यायची तयारी दाखवली होती, आणि तेही आता कुणाच्या उपयोगाचं नव्हतं. ती तोंडाला पदर लावून रडू लागली. गोपालनं दाराच्या फटीत सिलिकॉन भरलं, वरून पट्टी चिकटवली आणि पुन्हा पुन्हा दाबून पाहिली. इतक्या हौसेनं केलेलं दार त्यानं आपल्याच हातानं बुजवलं होतं.

समीक्षा आली ती मास्क लावून, काठीसारखी. पुढच्या दारानं तिला सरळ खोलीत नेलं. ती पलंगावर बसली, दाराच्या काचेतून अंगणाकडे पाहिलं. झोपाळा, फरशी, उतरतं छत, वर आभाळ.

"दार उघडा ना, बाबा."

गोपालनं सांगितलं. पोरगी त्याच्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ओरडली नाही.

"म्हंजे मी काचेच्या ह्या बाजूनं पाहाचं," ती म्हणाली. "हे तं दवाखान्यासारखंच हाय."

आणि ती भिंतीकडे तोंड करून झोपली. रात्री तिनं ताट परत पाठवलं. सकाळीही. साधनानं हातापाया पडून पाहिलं, विमलताईनं शपथा घातल्या. गोळ्या उपाशीपोटी चालत नव्हत्या आणि गोळ्या चुकल्या तर आईचं रक्त पोरीच्या अंगावर उलटायची भीती होती. साधना स्वयंपाकघरात भिंतीवर डोकं आपटत होती. गोपाल पोरीच्या उशाशी गेला, तर तिनं चादर डोक्यावरून ओढून घेतली. तिला खोटं बोलणाऱ्या बापाचं तोंड पाहायचं नव्हतं.

भर दुपारी तो उठला आणि बाहेरून वळसा घालून मागच्या दारानं काचघरात शिरला. का शिरला ते त्यालाही सांगता आलं नसतं. धूळ येऊ नये म्हणून दार मात्र सवयीनं आतून लावून घेतलं. फरशी तव्यासारखी तापली होती. तो काचेला लागून, पोरीच्या पलंगासमोर मांडी घालून बसला. पंखा बंद होता, तो त्यानं लावला नाही. सदरा अंगाला चिकटला, कानशिलं धडधडू लागली.

विमलताई मागच्या दारावर थापा मारत होती. "गोपाल, ऊठ! ऊन लागून मरशीन रे बापा!"

तो हलला नाही. हट्टानं नव्हे, उठून जायचं कुठे हेच त्याला कळत नव्हतं. काट्यावर जाऊन ट्रक मोजायचे? साधनाच्या समोर जायचं? डोळ्यांपुढे पिवळं दिसू लागलं, मान काचेवर टेकली. पोरीचं रक्त बदलता आलं, घराचं अंगण बदलता आलं, पण एक घास तिच्या तोंडात जाईना, आणि आता आपण खरंच संपलो, असं त्याला स्पष्ट वाटलं.

काचेवर पलीकडून टकटक झाली.

समीक्षा पलंगावरून उतरून दारापाशी येऊन बसली होती. डोक्यावर केस नाहीत, मास्कवर नुसते दोन मोठे डोळे. ती काहीतरी बोलत होती. दार इतकं चांगलं बुजवलं होतं की त्याला अक्षर ऐकू आलं नाही. तिनं वैतागून आईचा मोबाइल उचलला. त्याच्या खिशात फोन वाजला.

"बाबा, उठा तेथून."

त्यानं फोन कानाला लावला, पण मान काचेवरून उचलली नाही.

"ऐकून राह्यले का? तोंड लाल झालं तुमचं. मले मरासाठी नाई दिलं आईनं तिचं रक्त, आन् तुमाले मराले मी सांगतलं नाई." ती धापा टाकत थांबली. मग मागे वळून, फोन तसाच कानाशी धरून ओरडली, "आई, बाबाले बाहीर काढ आधी. आन् वरन-भात आन. दोन ताटं आन, ते बी नाई जेवले."