रुमाल एकशे सोळा

२२ नोव्हेंबर १९३७, सोमवार. सकाळी साडेदहा वाजता वाशीमच्या प्राच्यविद्या मंडळात गोजराबाईंनी माझी गाठ सोडली. आतून दुसऱ्याचीच पोथी निघाली.

मित्रांनो, मी एक जुना रुमाल आहे. खिशातला नव्हे, पोथी गुंडाळून बांधतात तो, लाल, हातभर चौरस. माझे सूत रिसोडजवळच्या एका माळ्याच्या घरी कातले गेले. घरधनी पुंजाजी रोज संध्याकाळी मला सोडून बागाईतीची मोडी पोथी वाचत. तिच्या शेवटच्या पानावर त्यांनी एक खूण लिहिली होती: मळ्यातली बुजलेली जुनी विहीर चिंचेपासून किती पावलांवर आहे. माझ्या घड्यांत तेव्हा वेखंडाचा वास असे. तो वास मला अजून आठवतो.

१९११ साली पुंजाजींनी पोथी जपणुकीसाठी मंडळाला दिली. पावती मिळाली आणि माझ्या कोपऱ्यावर काळ्या दोऱ्याने ११६ हा आकडा शिवला गेला. ते दिवस चांगले होते. दर आश्विनात पोथ्यांना ऊन दाखवत. लांबून आलेले पंडित मला जपून सोडत आणि जपून बांधत.

१९३५ साली नागपूरचे पाहुणे येणार म्हणून कार्यवाह मारोतरावांनी सगळे रुमाल एकदम धुवायला काढले. हेतू चांगला होता. पण आकडे होते रुमालांवर. पोथ्यांवर काहीच नव्हते. वाळल्यावर हाताला येईल ती पोथी येईल त्या रुमालात गेली. माझी पोथी शेजारच्या पिवळ्या रुमालात बांधली जाताना मी पाहिली. मला बोलता येत नव्हते.

यंदा मळ्याची चालू विहीर आटत चालली, तेव्हा जुन्या विहिरीची ती खूण पाहायला पुंजाजींची सून गोजराबाई पावती घेऊन आल्या.

"हे पोथी आमची नाही, मारोतराव."

"बाई, आकडा एकशे सोळाच आहे. रुमाल तुमचाच ना?"

"रुमाल आमचाच. पन लुगडं तेच म्हून आतली बाई बी तेच असते काय?"

मारोतराव हसले नाहीत. ते खाली बसले.

"चूक माझी आहे," ते म्हणाले.

"मंग बसून कायले राह्यले? सोडा एकेक. तिकडं माही वांगी वाळून राह्यली."

जानेवारी संपेपर्यंत दोघांनी मंडळातले दोनशे तीन रुमाल सोडले. पोथी नव्हती. जावक वहीत नोंद सापडली: धुण्यानंतरच्या वर्षी अकरा रुमाल नकलेसाठी अमरावतीला गेले होते, त्यांत तो पिवळा. पत्र टाकले. उत्तर आले: अकरा रुमाल पोचले, आकडे बरोबर आहेत. आत कोणती पोथी आहे, ते तिथेही कोणी पाहिले नव्हते.

मित्रांनो, जुन्या कागदाला नुसते स्वच्छ ठेवू नका. त्याची ओळख त्याच्याच अंगावर लिहा. आमच्यासारखी कापडे बदलतात, विरतात, धुतली जातात.

१२ फेब्रुवारी १९३८, शनिवार. दुपारी अकोला स्टेशन. गोजराबाई फलाटावर बसल्या आहेत, मारोतराव तिकिटे काढायला गेले आहेत. मी गोजराबाईंच्या पिशवीत रिकामा आहे. अमरावतीकडे जाणारी गाडी अजून आलेली नाही. काल मळ्यातल्या विहिरीत गुडघाभरच पाणी उरले होते.