मागच्या दाराची नोंद

बाबांच्या नावानं कंपनी पुरस्कार देणार, हे आईनं फोनवर सांगितलं तेव्हा तिचा आवाज बाबा गेल्यापासूनच्या सहा महिन्यांत पहिल्यांदा सरळ लागला होता.

"अगं, दरवर्षी देणार म्हणे! पितळी पाटीवर नाव. मोठे साहेब स्वतः बोलले माझ्याशी."

"कशाबद्दल देणार?" लेकीनं विचारलं.

"निष्ठेबद्दल. तू आधी आनंद मान, मग चौकशा कर."

चौकशा करणं ही लेकीची जुनी खोड. गोष्टीच्या पुस्तकात चौथ्या पानावर राजाला तीन मुलं आहेत आणि नवव्या पानावर चार, अशी तक्रार तिनं सातव्या वर्षी बाबांकडे नेली होती. बाबांनी दोन्ही पानं तपासली, चष्मा काढला आणि गंभीरपणे म्हणाले, "एक मूल मागच्या दारानं आलेलं दिसतंय." तेव्हापासून ती घरात 'ऑडिटरबाई' झाली.

कंपनीचं पत्र तिनं शनिवारी आईकडे जाऊन वाचलं. कार्यालयात सर्वाधिक काळ थांबणाऱ्या कर्मचाऱ्याला हा पुरस्कार मिळणार होता. खाली कारण दिलं होतं: वित्त विभागाचे दिवंगत उपप्रमुख सलग एकोणीस वर्षं रोज रात्री दहापर्यंत काम करत असल्याचं दाराच्या नोंदींवरून आढळलं आहे.

लेकीला आधी हसू फुटलं. मग तिनं ते वाक्य पुन्हा वाचलं.

बाबा रोज साडेपाचला निघत. इतके नेमानं, की ऑफिसात त्यांचं नावच 'साडेपाच' पडलं होतं. आई दवाखान्यात नर्स, तिची ड्यूटी दुपारी दोन ते रात्री पावणेदहा. पाळणाघर ऑफिसच्या मागच्या गल्लीत, आणि ते पावणेसहाला कुलूप लावायचं. मग बाबा मागच्या जिन्यानं उतरत. पुढच्या दाराला कार्ड लावायचं यंत्र होतं, मागच्या दाराला नुसती कडी. आत गेलेला माणूस बाहेर पडलेला दिसला नाही, की यंत्र आपल्या मनानं रात्री दहाची वेळ टाकून मोकळं होई. पुढे पाळणाघर सुटलं, शाळा आली. पण घराकडची बस त्याच गल्लीत थांबायची. बाबांचा रस्ता बदलला नाही.

ते कामचुकार नव्हते. "महिनाअखेर ही महिन्याच्या अखेरीला करायची गोष्टच नाही," असं म्हणत आणि पहिल्या तारखेपासून रोज थोडे हिशेब उरकत. इतर विभाग अखेरच्या तीन दिवशी डोळे लाल करून बसलेले असायचे, यांचा विभाग टेबलं आवरून घरी. वरच्यांना ते खुपायचं. विभागप्रमुखाची जागा तीनदा रिकामी झाली आणि तिन्ही वेळा रात्रीचे बसणारे वर चढले. बाबा उपप्रमुख म्हणून निवृत्त झाले. नंतर कंपनी दोनदा विकली गेली, जुनी माणसं बहुतेक पांगली आणि उरलं ते यंत्र.

"आई, हे सगळं खोटं आहे."

"मला माहीत नाही का?" आई घड्या घालत होती, टॉवेलाची घडी तिनं मोडून पुन्हा घातली. "तीनदा डावललं त्यांना. मी एका शब्दानं बोलले नाही कधी. आता चुकून का होईना, देतायत ना? घेऊ दे. तू फक्त आभार मान."

"पण बाबांनी..."

"बाबा आता नाहीत. मी आहे."

लेकीनं मान हलवली. पण बाबांच्या कपाटातली एक जाड फाइल ती घरी घेऊन गेली आणि त्यातला एक कागद तिनं पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला.

कार्यक्रम चार वाजता होता. पुढच्या दाराच्या यंत्राला लावून पाहुण्यांचे पास दोघींच्या गळ्यात अडकवले गेले. सभागृहात बाबांचा मोठा फोटो होता, ओळखपत्रावरचा, फुगवून धूसर झालेला. चहाच्या टेबलापाशी वित्त विभागातली एक बाई लेकीजवळ सरकली. बाबांनीच तिला हाताखाली तयार केलं होतं.

"ताई, एक सांगू? रागावू नका. सरांचं नाव पुढे करून आता आम्हाला रात्री दहापर्यंत बसवणार आहेत. काल मीटिंगमध्ये बोललेच, 'ते एकोणीस वर्षं बसले, तुम्हाला काय धाड भरलीय?'"

"तुम्ही सांगितलं नाहीत त्यांना?"

"सांगितलं की! म्हणाले, यंत्र खोटं बोलत नाही." तिनं कप खाली ठेवला. "माझं पिल्लू दीड वर्षाचं आहे, ताई."

मग मोठे साहेब बोलायला उभे राहिले. वयानं लेकीएवढेच, बूट चकचकीत. बाबांना त्यांनी कधी पाहिलंही नव्हतं. पण बोलत होते असे, जणू एका ताटात जेवले. "रात्रीचे दहा वाजलेत," ते आवाज खाली आणून म्हणाले. "सगळी इमारत अंधारात. एकच दिवा जळतोय. घरी पत्नी वाट बघतेय, लेकरू वाट बघून झोपून गेलंय. पण हा माणूस उठत नाही. कारण कंपनी हेच त्याचं कुटुंब!"

टाळ्या पडल्या. लेकीनं आईकडे पाहिलं. आईचे हात मांडीवर होते, बोटं पदराच्या टोकाला पीळ घालत होती.

"दहा वाजता," आई हळूच म्हणाली, "घराजवळच्या थांब्यावर असायचे. माझा स्वेटर घेऊन."

"माहीत आहे, आई. शेजारच्या काकूंना माझ्यापाशी बसवून यायचे."

"एक दिवस चुकले नाहीत गं. बस उशिरा आली तरी तिथेच उभे." आईचा आवाज आता दबका राहिला नव्हता, पुढच्या रांगेतली दोन डोकी वळली. "आणि हा पोरगा म्हणतोय, मी वाट बघत होते?"

तेवढ्यात लेकीचं नाव पुकारलं गेलं. ती उठली, तेव्हा आईनं तिचा हात धरला. लेकीला वाटलं, थांबवतेय. पण आई म्हणाली, "पर्समध्ये तो कागद आणलायस ना? मी बघितलाय. वाच."

लेकीनं माइकसमोर कागद उलगडला. प्रस्तावना केली नाही.

"'माननीय कार्मिक अधिकारी. माझ्या नावापुढे रोज रात्री दहाची नोंद लागते. मी साडेपाच वाजता मागच्या दारानं जातो. माझं काम तोवर संपलेलं असतं. नसेल तर ती माझी चूक समजावी. न बसलेल्या तासांचं श्रेय माझ्या नावावर राहू नये. कृपया दुरुस्ती करावी.' अशी पत्रं बाबांनी दर जानेवारीत लिहिली. प्रती घरी आहेत, एकोणीस. शेवटच्या पत्राखाली हातानं लिहिलंय: 'उत्तर आलं नाही तरी चालेल, दुरुस्ती व्हावी.'"

मागच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. साहेब पुढे सरसावले, चेहऱ्यावरचं हसू तसंच. "भावना समजू शकतो. पण सरांची निष्ठा तर..."

"निष्ठा होती ना," लेक म्हणाली. "तिचा पत्ता तुम्ही चुकीचा लिहिलाय. बाबांचं नाव हवं असेल तर काम उरकून साडेपाचला घरी जाणाऱ्याला पुरस्कार द्या. जमत नसेल तर पाटीवरून नाव काढा."

"असं कसं? छापून झालंय सगळं."

आई व्यासपीठाच्या पायऱ्या चढत होती. एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवत, सावकाश. फोटोपाशी जाऊन तिनं तो स्टँडवरून उचलला. त्या धूसर चेहऱ्यामागे ती कमरेपर्यंत झाकली गेली.

"काकू, तो कंपनीचा फोटो आहे," साहेब म्हणाले.

"फ्रेम कंपनीची असेल," आई म्हणाली. "फ्रेम उद्या परत पाठवते."

घड्याळात पाच अठ्ठावीस झाले होते. वित्त विभागातली ती बाई खांद्याला पिशवी लावून उभी राहिली. इकडे-तिकडे पाहिलं, ओठ घट्ट मिटले आणि चालू लागली. तिच्या मागे आणखी दोघं. बाकीचे बसून राहिले. बसलेल्यांतले काही जमिनीकडे बघत होते.

मागच्या जिन्याखाली म्हातारा पहारेकरी स्टुलावर होता. फोटो पाहून तो उठला.

"साडेपाच साहेब!" तो म्हणाला. "यांना बघून मी घड्याळ लावायचो, वहिनी. या, या." त्यानं कडी काढली. मग त्याची नजर त्यांच्या गळ्यातल्या पासांवर गेली. "हे मात्र पुढच्या दाराला लावून यायला हवं. नाहीतर तुम्ही दोघी दहापर्यंत आत बसलात असं दिसेल."

"पुढून जाणार नाही," आई म्हणाली. तिनं फोटो भिंतीला टेकवला. "ऑडिटरबाई, पेन आहे का?"

लेकीनं दिलं. आईनं कार्यक्रमपत्रिकेची मागची कोरी बाजू पहारेकऱ्याच्या स्टुलावर ठेवली आणि औषधाच्या कागदावर लिहावं तशा सुट्या, ठळक अक्षरांत लिहिलं: आम्ही दोघी साडेपाच वाजता मागच्या दारानं गेलो. नोंद दुरुस्त करावी.

खाली सही केली, तारीख घातली. दोन्ही पास त्यावर ठेवले.

"वर नेऊन द्या," ती पहारेकऱ्याला म्हणाली. "आणि पोच घ्या."